अनसूयाबाईंचा उखाणा

अनसूयाबाईंच्या कपाळाला गार पट्ट्या चिकटवून, पुढे येणारा विसर आधीच ओळखणाऱ्या यंत्राने विचारलं, "नवऱ्याचं नाव सांगा."

"आमचे हे," बाई लाजून म्हणाल्या.

पडद्यावरची रेघ हिरवीची पिवळी झाली. ती लाल झाली, की काही वर्षांनी येणारा विसर आजच आला असं सरकार धरतं. कागदांवरचा त्याचा अंगठा बाद होतो, आणि माणूस घरी न परतता थेट विस्मृतिगृहात जातो.

"आई, नाव घे!" लेक मंदा कळवळून म्हणाली. "त्या मेल्या डबड्याला काय कळतंय, तू लाजतेस की विसरलीस?"

"ते गेले तेव्हासुद्धा नाही घेतलं गं. जीभच रेटत नाही."

"मग उखाण्यात घे! पण घे!"

अनसूयाबाईंनी पदर सावरला. लग्नातला उखाणा त्यांना लख्ख आठवत होता. त्या ठसक्यात म्हणाल्या, "अंगणात रांगोळी, रांगोळीत मोर..."

आणि थांबल्या. शेवटचं 'नाही मला घोर' आठवत होतं. त्याच्या अलीकडचं 'रावांच्या संसारात' आठवत होतं. त्यांनी मंदाचा हात घट्ट धरला.

'राव'च्या आधी काहीच नव्हतं.