कोरा दस्ता

बर्चच्या लाकडाचा तो दस्ता आयलीनं सकाळीच तासला होता. कारखान्यात जुन्या रशियन बंदुकांच्या सांगाड्यावर नवी नळी, नवा दस्ता चढवून फिनिश रायफली तयार होत आणि तशाच आघाडीवर जात. ही रायफल तर अजून कुणी खांद्याला लावलीही नव्हती.

तरी गाल टेकायच्या जागी हिमाचा पातळ थर धरला होता. शेजारी शेगडी धगधगत असताना! तिनं फडक्यानं पुसला. तो पुन्हा धरला.

"किती गार उसासे टाकशील गं?" शेजारची हेल्मी हसली. "आघाडीवरून येईल तुझा ऑर्वो. काही होत नाही त्या मेल्याला!"

आयलीला हसू आलं नाही. हिमावर गालाचा ठसा होता, दाढीच्या खुंटांसकट. त्यात एक तिरकी रेघ होती. कुऱ्हाड निसटली तेव्हा ऑर्वोच्या गालावरची ती जखम तिनंच शिवली होती.

ठशाजवळून इवलीशी वाफ निघत होती, संथ, श्वासासारखी.

"आहे, आहे," ती पुटपुटली आणि तिनं आपला गाल तिथं टेकवला.

नेम धरताना ऑर्वो श्वास रोखायचा. तसाच ठशाजवळचा तो श्वास आता रोखला गेला.

आयलीनंही रोखला. शेवटी तिला सोडावाच लागला.

त्याचा अजून सुटला नव्हता.