हातावर गोंदलेला नंबर

द्वारका चौकाजवळच्या सभागृहात मोबाईलच्या नियमांवर सरकारी जनसुनावणी चालू होती. पेठहून आलेल्या अक्काबाईंनी माईक धरला. “साहेब, माझा नंबर परत द्या.” “मावशी, बंद पडलेला नंबर दुसऱ्याला जातो, नियमच आहे. नवीन घ्या,” अधिकारी म्हणाले. “लकी होता का, आजी?” मागून कुणीतरी हसलं. “माझा पोरगा धनराज मुका हाय. हरवला तर कुणी फोन करावा म्हणून त्याच्या हातावर तोच गोंदलाय. शिवरात्रीला त्र्यंबकच्या गर्दीत सुटला. शोधण्यात रिचार्ज राहिला.” अधिकाऱ्यांनी नंबर लावला, स्पीकर चालू करून धनराजबद्दल विचारलं. तरुणीचा आवाज आला, “हो, दिवाळीत एका रेल्वे स्टेशनवरून फोन आलेला. मुका माणूस हात दाखवतोय, तुमचा का, म्हणाले. मी राँग नंबर म्हटलं.” “कोणतं स्टेशन, बाई?” अक्काबाई ओरडल्या. “आठवत नाही हो. ते म्हणाले, मग पुढच्या गाडीत बसवून देतो.”