मिस्त्रीची लेव्हल

कात्रजच्या नव्या इमारतीत फरशी बसवताना रंगराव मिस्त्रीच्या पायाखालची जमीन पुन्हा कलली. आठ महिने ही चक्कर पाठ सोडत नव्हती. कानाचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले, मशीनमध्ये झोपून झालं. कुणालाच काही सापडेना. मुकादमाला कळलं तर काम जाणार, म्हणून ठाऊक होतं फक्त हाताखाली काम करणाऱ्या बायकोला. चक्कर आली की तो फरशीवर लेव्हल टेकवायचा. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध दिसला की समजायचं, फरशी बरोबर आहे, फिरतंय ते आपलं डोकं. तेवढ्याच भरवशावर हात चालवायचा. आज मात्र बुडबुडा पार डाव्या टोकाला दिसला. रंगराव हरखलाच. “दुर्गे, फरशीच वाकडी बसलीय बघ! मला काय बी झालं नाय!” घमेलं ठेवून बायको वाकली. बराच वेळ बघून तिनं त्याचा दंड घट्ट धरला. “अवो, बुडबुडा मधोमधच हाय की.”