स्लोला बंद पडणारी गाडी

"सोड पाय," मिस्त्री म्हणाले.

बायकोने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली.

"रेसवर झकास चालतेय. स्लोला सोडली की मान टाकते. कधीपासून होतंय हे?"

"आजच, अहो," ती म्हणाली. कालही तिने हेच सांगितलं होतं आणि परवाही.

मिस्त्रींनी चोक बघितला, प्लग बघितले. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं कार्बोरेटरभोवती फिरवू लागले. "परत चालू कर. थोडी रेस दे. हं, इथे सूं करतंय बघ. पोटात नुसती हवाच जायला लागली, तर बिचारी स्लोला टिकणार कशी?"

कार्बोरेटरच्या बुडाशी व्हॅक्यूमचा पाइप निसटला होता. त्यांनी तो बसवून क्लिप लावली. गाडी एका लयीत चालू लागली. मिस्त्रींनी आधी बायकोकडे बघितलं, मग इंजिनाकडे.

"जादू आहे तुमच्या हातात," ती हसत म्हणाली.

"जादू कसली? जुनी गाडी, रोज काहीतरी निघायचंच."

त्या दुपारी ते पोटभर जेवले.

पाइप अर्थात आपोआप निसटला नव्हता. तो तिने काढला होता.

आजारपणानंतर मिस्त्रींना नावं आठवेनाशी झाली होती. एकदा गिऱ्हाइकाच्या गाडीच्या चाकाचे नट आवळायचे राहिले आणि त्यांनी आपणहून गॅरेज बंद केलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवण नाही, बोलणं नाही. तिचंही घरात मन लागेना. एक दिवस घरची गाडी खरोखरच बिघडली, तेव्हा ते बाह्या सरसावून उठले. गाडी दुरुस्त झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. तेव्हापासून ते अंघोळीला गेले की ती हळूच बॉनेट उघडायची. आयुष्यभर गाड्या सुधारणाऱ्याच्या बायकोने उतारवयात गाडी बिघडवायला शिकावं, याचं तिचं तिलाच हसू यायचं.

"आई, बाबांना कळलं तर?" मुलगी फोनवर विचारायची.

"कालचं आठवतंय कुठे त्यांना? रोज नव्याने विचारतात, कधीपासून होतंय म्हणून."

"आणि कळलंच तर?"

"तर आपण त्यांची कीव करतोय असं वाटेल त्यांना. परत अंथरूण धरतील. मग नाही उठायचे गं."

एवढं बोलून ती फोन ठेवायची.

तसं अलीकडे काम सोपं झालं होतं. मिस्त्रींची अंघोळ लांबत चालली होती. वय झालं, असं ती मनात म्हणायची. पाइपची क्लिपही आता पकडीशिवाय निघायची. जुनी घट्ट क्लिप काढून मिस्त्रींनीच बोटांनी दाबून उघडणारी बसवली होती. "हीच बरी, सुटसुटीत," म्हणाले होते.

आज मात्र थंडीने तिची बोटं आखडली होती. क्लिप दाबली जाईना. तिने पदरात धरून दाबली, तर ती निसटून गाडीखाली गेली. गुडघ्यांवर बसून, हात आत घालून तिने ती कशीबशी शोधली. आता पाइप निघेना. तिने देवाचं नाव घेऊन ओढला, तरी जागचा हलेना.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की न्हाणीघरातला पाण्याचा आवाज केव्हाच थांबलाय.

आता दार उघडेल, ते येतील आणि बॉनेटमध्ये डोकं घातलेली बायको त्यांना दिसेल. घाईघाईने तिने क्लिप पुन्हा पाइपवर चढवायला घेतली.

न्हाणीघराचं दार बंदच होतं. आतून मिस्त्रींनी हाक मारली.

"अगं, निघाला का पाइप? मी केव्हाचा कुडकुडतोय इथे. येऊ का आता बाहेर?"