सातव्या ठोक्यानंतर

संगीत कंपनीने माझा मिनिमल टेक्नोचा ट्रॅक तिसऱ्यांदा परत पाठवला. म्हणे, "यात तुमच्या मातीचा ठसा कुठाय?" आता मोजून चार ठोके आणि एक घरघर, एवढ्याच संगीतात मी माती कुठे कालवू? ढोल घातला, तर म्हणाले उपरा वाटतो. बासरी घातली, तर म्हणाले जाहिरात वाटते. डोक्याला नुसता ताप! त्यात पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन. त्याच्या खडखडाटापायी तीन वर्षं माझ्या कानांवरून हेडफोन उतरलेले नाहीत.

"आई, दहा मिनिटं बंद ठेव ना ते!"

"एवढी बाही होऊ दे."

वैतागून मी माईक तिच्या मशीनपाशीच ठेवला आणि जे आलं ते तसंच कंपनीला पाठवून दिलं.

तासाभरात फोन. "अहो, हेच हवं होतं! दर सात ठोक्यांनंतर ती अडखळ येते ना, ती तुमच्याकडची कुठली परंपरा?"

मी तडक आईकडे गेलो. "सातदा पाय मारून थांबतेस का गं?"

तिने आधी माझ्या कानांवरचे हेडफोन काढले.

"गुडघा आखडतो रे. तीन वर्षं सांगतेय."