जांभळ्या दिव्याचा न्याय

जाणकाराने पडदे ओढले आणि आजीबाईंच्या जुन्या जर्मन लष्करी पदकावर जांभळा दिवा धरला. या दिव्याखाली शंभर वर्षांपूर्वीचा धागा काळवंडलेलाच राहतो, हल्लीचा मात्र लख्ख चमकतो.

काळी-पांढरी फीत चमकली.

"पदक अस्सल आहे, आजी. फीत मात्र नंतर कुणीतरी बदललीय."

आजीबाईंचा चेहरा पडला. "असं कसं? आजोबा मांडीवर घ्यायचे, तेव्हा मी हीच फीत चघळायचे हो!"

"या दिव्यापुढे लबाडी चालत नाही," जाणकार ऐटीत म्हणाला.

कॉफी घेऊन आलेली त्याची बायको दारातच हसली. "अहो, तुमची बाही तर फितीपेक्षा जास्त चमकतेय! आपल्या लग्नातला शर्ट ना हा? की तोही कुणी बदलला? कालच तर मी ती चकाकी आणणारी पावडर टाकून धुतला."

जाणकाराने बाहीकडे पाहिलं, मग फितीकडे. त्याची ऐट पार उतरली. "आजी, ही फीत... तुम्ही कधी धुतली होती का?"



"म्हणजे काय! एवढ्या मोठ्या माणसापुढे मळकी कशी ठेवणार? पावडर टाकून चांगली दोनदा धुतली!"