साठ्याची मोजणी

"वहिनी, मागे सरक. दादा बघेल," नणंद कुजबुजली आणि तिने वहिनीला दंडाला धरून सायकलच्या दुकानाआड ओढलं.

रस्त्यापलीकडे इंधनाच्या सरकारी डेपोचं फाटक होतं. लष्कराला लागणारं डिझेल, विमानांचं तेल, सगळं इथल्या टाक्यांतून जायचं. वहिनीचा नवरा इथे पंपावर होता, लग्नाच्या आधीपासून. आजवर तिला त्याच्या कामात डोकावावंसं कधी वाटलं नव्हतं.

पण हल्ली माणूस बदलला होता. अर्धा डबा परत यायचा. पूर्वी अंगाला डिझेलचा वास मारायचा, आता घरी यायचा तो आंघोळ करून, साबणाच्या घमघमाटात. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवायचा. आणि फोन वाजला की तडक गच्चीवर. परवा ती वाळलेले कपडे काढायला वर गेली, तर कानावर पडलं, "जेवण झालं ना वेळेवर? नाही, नाही, हिला काही कळू दिलं नाही मी."

तिने तिथेच विचारलं. तो दचकला. "ऑफिसचा फोन. साठ्याची मोजणी चालू आहे."

ऑफिसला कोणी जेवण झालं का म्हणून विचारतं?

नणंदेला सांगितलं तर तीच जास्त भडकली. "माझा सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? चल, भर दुपारी जाऊ. रंगेहाथ धरू."

दोघी रस्ता ओलांडून फाटकाशी गेल्या. पहारेकरी जुना, ओळखीचा. एरवी दुरूनच हसणारा. आज त्याच्या शेजारी दोन बंदूकधारी जवान उभे होते.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"अहो, मला ओळखलं नाही का?"

"ओळखलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणूनच सांगतो, घरी जा."

नणंदेने तिला कोपराने ढोसलं. "बघितलंस? हासुद्धा सामील आहे. चल, मागच्या फाटकाने बघू. ती तिकडूनच येत असणार."

कुंपणाच्या भिंतीला धरून दोघी निघाल्या. नणंद पुढे, पदर खोचून, तोंडाने अखंड पट्टा चालू. सापडल्यावर काय काय बोलायचं ते तिचं सगळं ठरलेलं होतं. भिंतीचा कोपरा वळली आणि एकदम गप्प झाली.

मागचा रस्ता एरवी ओसाड असायचा. आज तो टँकरांनी भरला होता. एकामागे एक, मातकट रंगाचे, नंबरांवर कागद चिकटवलेले. रांगेचं टोक कुठे दिसेना. एवढ्या गाड्या, पण हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. ड्रायव्हर आपापल्या जागी गप्प बसलेले. जवळच्या गाडीतला अगदीच कोवळा होता. त्याने दोघींकडे पाहिलं आणि झटकन मान वळवली. वहिनीचा मुलगाही ह्याच लष्करी गणवेशात होता, पार सीमेवरच्या तळावर.

तेवढ्यात फाटकातून नवरा बाहेर आला. पुढच्या गाडीला आत घेण्यासाठी त्याने हात वर केला आणि तो हात तसाच राहिला.

"तू इथे काय करतेस?" तो धावतच आला.

नणंदेने तोंड उघडलं खरं, पण पाठ केलेलं काही तिला आठवेना.

तो जवळ आला तसा वहिनीला वास आला. रॉकेलसारखा, पण त्याहून उग्र. विमानांचं तेल. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी हा वास त्याच्या कपड्यांना असायचा. आज तो केसांपासून बुटांपर्यंत त्यात निथळत होता. रोज आंघोळ करून का यायचा, ते तिला कळलं.

"मोजणी चालू आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग एवढ्या गाड्या तेल भरायला का लागल्यात?"

त्याने मागे वळून जवानांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी काही सांगितलं नाही. तू काही बघितलं नाहीस. जा आता."

"गच्चीवर कोणाशी बोलता?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

"कोणाशी बोलता, अहो?"

"पोराशी," तो म्हणाला. "त्यांच्या तुकडीला पुढे, आघाडीवर हलवलंय. आईला सांगू नका म्हणाला."

आतून कुणीतरी शिट्टी वाजवली. तो उभा राहिला, काही बोलायचं असल्यासारखा. पुन्हा शिट्टी झाली. तसा तो वळला आणि पळत फाटकाकडे गेला. टँकर त्याच्यामागून आत शिरला. मागचा त्याच्या जागी सरकला.

दोघी आल्या वाटेने परत निघाल्या. मुख्य रस्ता आला तेव्हा नणंदेने सुस्कारा सोडला.

"चला, म्हणजे दादाचं तसलं काही नाही. मी तर बाई घाबरलेच होते. सुटलीस, वहिनी."

ती चालता चालता थांबली. भिंतीपलीकडे पंपांची घरघर एकसारखी चालू होती.

"बाई असती तर झिंज्या धरून भांडले असते गं," ती म्हणाली. "आता कोणाशी भांडू?"